भाकरीची आठवण आणि भाकरीची लाज

नाताळच्या सुट्टीत आखातातून, जर्मनीतून किंवा अमेरिकेतून कुणाचा मुलगा, कुणाची लेक गावी येणार असली, की नांदेड-लातूरकडच्या आपल्या ख्रिस्ती घरांत महिनाभर आधीपासून एकच चर्चा सुरू होते : त्याला खायला काय घालायचे? यादी तो स्वतःच फोनवरून सांगत असतो. ज्वारीची पातळ भाकरी, तव्यावर रगडलेला हिरव्या मिरचीचा ठेचा, अंबाडीची भाजी, येसराची आमटी, करडईच्या तेलाची धार घातलेली शेंगदाण्याची चटणी, न्याहारीला सुशीला, आणि थंडी पडली असेल तर शेतावरचा हुरडा. बोलता बोलता त्याचा कंठ दाटतो आणि इकडे आईचा पदर डोळ्यांना लागतो. परमुलखात गेलेल्या माणसाच्या जिभेची ही करुण कहाणी आपण आवडीने ऐकतो, आवडीने सांगतो, आणि प्रसंगी लिहितोही.

ही कहाणी खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. ती अपुरी आहे, आणि अपुरी असल्यामुळेच ती आपली फसवणूक करते. त्या मुलाची कीव करता करता आपण स्वतःला असे भासवतो की, तो तेवढा वंचित आहे आणि आपण मात्र घरच्या अन्नाने तृप्त आहोत. वस्तुस्थिती निराळी आहे. ज्या अन्नासाठी तो तिकडे झुरतो, ते आपण इकडे आपल्या ताटातून, शेतातून आणि धर्मग्रामाच्या पंगतीतून स्वहस्ते उठवून लावले आहे. त्याच्या आणि भाकरीच्या मध्ये समुद्र आहे. आपल्या आणि भाकरीच्या मध्ये काय आहे?

हे अतिशयोक्त वाटत असेल तर सुज्ञ वाचकाने आपल्या धर्मग्रामाच्या मागील सणाची पंगत आठवून पाहावी. पुरी, पनीरची भाजी, जिरा राईस, गुलाबजाम. लग्न असो, मुलांचा पहिला ख्रिस्तप्रसाद असो किंवा नव्या धर्मगुरूंचे स्वागत असो, ताट तेच. लातूर जिल्ह्यातील बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे या मातीच्या चवीला सरकारदरबारी स्वतंत्र नाव मिळाले. पण त्या डाळीचे साधे वरण आणि त्या चिंचेचा सार घेऊन भाकरी वाढण्याचे धाडस आपल्या एकाही स्वागत समितीला होत नाही. घरी फादर किंवा सिस्टर अवचित आल्या तर दुरडीतल्या भाकरीवर फडके ओढले जाते आणि घाईघाईने कणीक भिजवली जाते. डब्यात भाकरी दिली तर शाळेत मूल डबा उघडत नाही. परदेशातून येणाऱ्यासाठी भाकरी करायची म्हणून दोन किलो ज्वारी दुकानातून मुद्दाम आणावी लागते, इतकी ती घरात परकी झाली आहे. मग घरचे अन्न दुरावले ते नेमके कुणाला?

परदेशस्थाच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ज्वारीचे पीठ आता तिकडच्या भारतीय किराणा दुकानांत बंद पुड्यांतून मिळते. तो ते आणतो, पाणी उकळतो, मळतो, थापायला घेतो आणि भाकरी परातीतच भेगाळते. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. ते ताजे असेल तर त्याला विरी असते. दळून फार दिवस झाले की विरी जाते. मग उकड काढून कशीबशी भाकरी साधते, पण ती घरची भाकरी नव्हे. ज्याला विरीची ही गोष्ट ठाऊक आहे तो निदान काय हरवले ते तरी जाणतो. इकडे कोपऱ्यावर गिरणी असूनही, ताजे पीठ दारात असूनही, आपल्या तरुण पिढीला ‘विरी’ हा शब्ददेखील ठाऊक नाही. या दोघांपैकी दरिद्री कोण?

यावर कुणी म्हणेल, शेतातच ज्वारी उरली नाही, त्याला घराने काय करावे? हा मुद्दा खरा आहे आणि त्याचा विचार प्रामाणिकपणे करावयास हवा. नांदेड आणि लातूर हे एकेकाळी ज्वारीचे जिल्हे होते. खरिपात संकरित ज्वारी, रब्बीत शाळू. गेल्या तीन-साडेतीन दशकांत खरिपाची जागा सोयाबीनने घेतली आणि त्यामागून रब्बीत बहुतेक ठिकाणी हरभरा आला. शेतकरी वेडा नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने जाहीर केलेला किमान आधारभूत दर सोयाबीनला क्विंटलमागे ५,३२८ रुपये होता, तर मालदांडी ज्वारीला ३,७४९ रुपये. ज्वारीला पाखरे राखावी लागतात, काढणीला माणसे मिळत नाहीत, कणसे खुडणे आणि कडबा बांधणे हे कंबर मोडणारे काम आहे. सोयाबीन साडेतीन महिन्यांत पैसा हातात देते. तेव्हा ज्या शेतकऱ्याला मुलीच्या शिक्षणाची फी भरायची आहे, त्याला आठवणींच्या नावाखाली ज्वारी पेरायला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पण ज्वारीबरोबर काय काय गेले, तेही पाहावे. ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडबा गेला तशी दावणीची जनावरे गेली. जनावरे गेली तसे दूध-ताक गेले. आणि ताक गेले तशी आंबील गेली. सोयाबीन पिकवणारे घर सोयाबीन खात नाही. ते तेलाच्या कारखान्यात जाते, आणि त्याची पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. आपण पिकवतो ते खात नाही आणि खातो ते पिकवत नाही, अशी ही अवस्था. शासनाचा वाटाही त्यात आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ, गहू आणि भरड धान्य या तिन्हींची नावे होती. किलोला अनुक्रमे तीन, दोन आणि एक रुपया असे दर होते. २०२३ पासून ते धान्य विनामूल्य झाले. तथापि रेशनच्या पिशवीत आले ते प्रामुख्याने गहू आणि तांदूळ. फुकटच्या गव्हापुढे विकतची ज्वारी गरिबाच्या घरात कशी टिकणार? आणि आता तर नवल असे की, बाजारात ज्वारी कित्येकदा गव्हाहून महाग विकली जाते. गरिबाची भाकरी त्याच्या हातून सुटली आणि डॉक्टरांनी मधुमेहासाठी लिहून दिलेल्या कागदावर जाऊन बसली. संयुक्त राष्ट्रसंघाने भारताच्या पुढाकाराने २०२३ हे पौष्टिक तृणधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना भाकरी पौष्टिक असल्याचा शोध लागला! आईने वाढली तेव्हा नाकारलेली भाकरी आपण वैद्यकीय सल्ला म्हणून स्वीकारतो, याहून मोठा उपरोध कोणता?

घरी राहूनही घरचे अन्न दुरावू शकते, हे आपल्या वाडवडिलांनी एकदा भोगले आहे. १९७२-७३ च्या दुष्काळात मराठवाड्यातील शेते उलटली, गावेच्या गावे खडी फोडायला रस्त्यांच्या कामांवर गेली. त्या काळात अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी लोकांनी खाल्ली. तिची भाकरी धड होत नसे आणि घशाखालीही सहज उतरत नसे. सुकडी, दुधाची पावडर, परदेशी गहू हे सारे त्या दिवसांचे अन्न. त्या वाटपात ख्रिस्तसभेच्या संस्थांचाही हात होता, आणि त्याबद्दल आपण कृतज्ञच असले पाहिजे; माणसे जगली. पण ज्यांनी ते खाल्ले त्यांना विचारा. ते प्रथम सांगतात ते भुकेविषयी नव्हे, तर पुढे आपल्या रानात पुन्हा ज्वारी उभी राहिली त्या हंगामाविषयी, त्या पहिल्या पांढऱ्या भाकरीविषयी. त्या पिढीला परदेशी न जाताच परदेशाचा अनुभव आला होता. म्हणून तिने परत आलेल्या भाकरीचे मोल जाणले. आपल्याला मात्र दुष्काळाने नव्हे, सुकाळाने भाकरीपासून तोडले.

आता ज्या गोष्टीविषयी आपण बोलत नाही ती बोलतो. भाकरीची लाज आपल्याला उगीच वाटत नाही. आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ कुटुंबांचे पूर्वज ज्या वस्त्यांतून आले, त्या वस्त्यांना भाकरी ही मानाने मिळत नव्हती. दिवसभर गावकीची कामे करून संध्याकाळी दारोदार हाक घालायची आणि फडक्यात वरून पडेल तो शिळा तुकडा घ्यायचा, ही ती भाकरी होती. ज्याच्या आजीने तशी भाकरी गोळा केली, त्याला गव्हाच्या पोळीत मुक्ती दिसली तर त्यात नवल नाही आणि पापही नाही. पुढे, दुधाच्या पावडरीसाठी ख्रिस्ती झालात, असा टोमणाही याच लोकांनी ऐकला. तेव्हा आपल्या समाजात अन्नाचा विषय निघाला की एक जखम उघडी पडते, हे मला मान्य आहे. जे लोक भाकरीचे गोडवे गातात त्यांनी ती कुणाला कशी मिळत होती हे विसरू नये.

परंतु लाज कुणाला वाटायला हवी? तुकडा मागणाऱ्याला की तुकडा वरून टाकणाऱ्याला? अपमान भाकरीत नव्हता; ती देण्याच्या रीतीत होता. ती रीत आपण धिक्कारली, उत्तम केले. भाकरी का धिक्कारावी? ज्या हातांनी ओंजळभर ज्वारी, मूठभर अंबाडी, वाळवलेल्या भाज्या आणि फेकून दिलेल्या जिनसांतून घर जगवले, त्या हातांचे पाककौशल्य कोणत्याही पाकशास्त्राच्या पुस्तकात आले नव्हते. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील दलित स्वयंपाकघराची ही परंपरा ग्रंथबद्ध केली, तेव्हा कित्येकांना प्रथमच उमगले की आपल्या आजीकडे लपवण्यासारखे नव्हे, नोंदवण्यासारखे काही होते. आपण जर आजही ते फडक्याखाली झाकत असू, तर वरून तुकडा टाकणाऱ्याचाच निकाल आपण कायम करत आहोत.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे आणि तो आपल्या भगिनींचा आहे. भाकरीचे गुणगान करायला पुरुषांचे काय जाते? पहाटे उठून उकळत्या पाण्यात पीठ मळायचे, एकेक भाकरी तळहाताने रगडून थापायची, वरून पाणी फिरवायचे, तव्यावरून काढून निखाऱ्यावर फुगवायची, आणि घरातली आठ माणसे जेवून उठेपर्यंत धुरात बसायचे. हे कुणी केले? परदेशातला मुलगा ज्या चवीसाठी झुरतो ती पुष्कळदा आईच्या भाजलेल्या बोटांची चव असते. हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे. आणि म्हणूनच त्याचे उत्तर भाकरी सोडणे हे नव्हे, तर ती शिकणे हे आहे. ‘लातूर पॅटर्न’ने आपल्या मुलांना डॉक्टर केले, अभियंते केले, जगाच्या बाजारात उभे केले, त्याचा अभिमान बाळगावा. पण वीस वर्षांच्या ज्या मुलाला गणिताची अवघड प्रमेये मुखोद्गत आहेत, त्याला दोन भाकऱ्या थापता येऊ नयेत, हे शिक्षण की अपंगत्व? परदेशी निघालेल्या मुलाच्या बॅगेत चटणीच्या पुड्या भरण्यापूर्वी त्याला परातीपुढे बसवा. त्याच्या पहिल्या चार भाकऱ्या फुटतील, फुटू द्या. आईच्या श्रमांची किंमत त्याला त्या चार भाकऱ्या सांगतील. ज्याला स्वतःला करता येते त्याची आठवण रडगाणे होत नाही.

तिसरा आक्षेप भाविकांचा. ख्रिस्ती माणसाने खाण्यापिण्याचा एवढा विचार का करावा? भाकरीपलीकडे जीवन आहे, हे प्रभूने अरण्यात मोहात पाडणाऱ्याला सुनावलेच आहे. शिवाय इस्राएल लोकांनी मिसरातल्या काकड्या, कांदे आणि लसूण आठवून मान्नाविषयी कुरकुर केली तेव्हा परमेश्वराचा कोप झाला, हेही पवित्र शास्त्रात आहे. खरे आहे. पण ते लोक ज्या अन्नासाठी हळहळले ते दास्यातले अन्न होते, आणि देवाने पुढ्यात ठेवलेले अन्न त्यांना नकोसे झाले होते. आपली स्थिती नेमकी तशी नाही का? या काळ्या मातीत देवाने जे उगवले ते आपल्याला नकोसे झाले आहे आणि आपण लोकांच्या ताटाकडे पाहत आहोत. कुरकुर करणारे आपण आहोत. परदेशातला तो मुलगा नव्हे.

आणि शुभवर्तमान भाकरीविषयी उदासीन आहे असे कोण म्हणेल? पाच हजारांना जेवू घालण्यापूर्वी प्रभूच्या हाती आल्या त्या पाच भाकरी योहानाने मुद्दाम जवाच्या होत्या असे सांगितले आहे. जव हे त्या देशातले गरिबाचे धान्य होते, जशी आपली ज्वारी. प्रभूने त्या पोराला गव्हाच्या आणायला परत धाडले नाही. त्याच हलक्या समजल्या जाणाऱ्या भाकरी त्याने हाती घेतल्या, आभार मानले आणि वाढल्या. वेदीवरची भाकर गव्हाचीच असावी हा ख्रिस्तसभेचा दंडक आहे आणि त्याविषयी माझा काडीचाही वाद नाही. पण त्या दंडकावरून गव्हाचे घर उच्च आणि ज्वारीचे घर नीच, असा अर्थ काढण्याची मुभा कुणालाही नाही. प्रभूने शिकवलेली प्रार्थना आपल्या पूर्वसुरींनी मराठीत आणली तेव्हा रोजच्या अन्नासाठी त्यांनी शब्द योजला तो ‘भाकर’. पोळी नव्हे, पाव नव्हे. रोज सकाळ-संध्याकाळ आपण गुडघे टेकून देवाजवळ जी मागतो, ती त्याने दिली की आपण ती झाकून ठेवतो!

उधळ्या पुत्राचा दाखला आपण दर प्रायश्चित्तकाळात ऐकतो. दूरदेशी, डुकरांच्या कळपात, त्या मुलाला प्रथम बाप आठवला नाही. बापाच्या घरातल्या चाकरांनाही पुरून उरणारी भाकरी आठवली. त्या आठवणीने त्याचे पाय घराकडे वळले. भाकरीची आठवण ही अशी तारक असू शकते. पण त्या दाखल्यातील एक गोष्ट आपण गृहीत धरतो : तो परतला तेव्हा बापाच्या घरी चूल पेटलेली होती. समजा ती विझलेली असती, घरात कुणालाच भाकरी येत नसती आणि दारातूनच कुणी सांगितले असते की, आम्हीही आता ते खात नाही. तर तो परतला कशाकडे?

म्हणून आपल्या धर्मग्रामांपुढे काही साध्या मागण्या ठेवतो. ईस्ट इंडियन बांधव ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा करतात आणि भाताच्या नव्या लोंब्या मंदिरात आणतात. त्यांच्या भाताला जो मान आहे तो आपल्या ज्वारीला का नसावा? आपल्याकडे मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे नाताळच्या आगेमागे, सारा लातूर जिल्हा येळवशीला शेतावर लोटतो. कडब्याची कोप, भज्जी, उंडे, आंबील यांची पंगत बसते. ते पूजन आपले नसेल. पण शेताबद्दल देवाचे आभार मानणे आपले नाही काय? रब्बीची ज्वारी निघाल्यावर एका रविवारी मिस्साबलिदानातील अर्पणाच्या मिरवणुकीत ज्वारीची कणसे यावीत आणि त्या दिवशीची पंगत भाकरीची असावी. पंगतीची भाकरी बायकांइतक्याच पुरुषांनी थापावी. ज्यांची शेती आहे त्यांनी विक्रीसाठी हवे ते पेरावे, पण घरापुरती चार गुंठे ज्वारी राखावी. धर्मग्रामाच्या संस्थांनी ती ज्वारी गावच्या शेतकऱ्याकडून रास्त भावाने घ्यावी आणि वसतिगृहातील मुलांच्या ताटात आठवड्यातून तीन दिवस तरी वाढावी. आणि घरी फादर आले, सिस्टर आल्या, बिशप आले, तर दुरडीवरचे फडके ओढू नये, बाजूला करावे.

यांपैकी काहीच जमणार नसेल, तर निदान एवढे करावे : परदेशातल्या मुलाला भाकरी मिळत नाही म्हणून डोळ्यांना पदर लावणे थांबवावे. पुढच्या नाताळला तो घरी येईल. बसल्या बसल्या तो धाकट्या भावाला सहज विचारेल की, तू शेवटची भाकरी कधी खाल्लीस? त्या प्रश्नाला खरे उत्तर देता येईल अशा बेताने आपण आतापासून वागावे.